पंगतीचा नकाशा

प्राचार्यांच्या केबिनमध्ये तीन खुर्च्या होत्या. एकीवर प्राचार्य. दुसरीवर संस्थेचे संचालक, ज्यांना सगळं कॉलेज अण्णा म्हणतं. तिसरीवर अण्णांचा टॉवेल. मी उभी. बसा असं कुणी म्हणलं नाही, आणि टॉवेल उचलून बसायची माझी छाती झाली नाही. पीएच.डी. झालेली बाई मी. टॉवेलाला भ्याले.

अण्णांच्या हातात ड्रॉइंगचा एक मोठा कागद होता. तो त्यांनी टेबलावर आपटला आणि माझ्याकडं न बघता प्राचार्यांना म्हणाले, "कितीबी शिकली तरी ह्यांची नजर पंगतीवरच."

प्राचार्य हसले. दरसाल जयंतीला माझ्याकडून समतेवर भाषण करून घेणारे हेच प्राचार्य.

'ह्यांची' म्हणजे कुणाची, ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी मातंग. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इतिहास शिकवत होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नेमणुकीचा नवा कागद मिळणार, नाही मिळाला तर घरी बसा. माझं चौथं वर्ष होतं.

आता त्या ड्रॉइंगच्या कागदाचं सांगते.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास होता. त्यात प्युरिटन लोकांचं प्रकरण. इंग्लंडात ह्यांच्या भक्तीला राजाचा जाच होता, म्हणून ही माणसं बायकापोरं घेऊन समुद्रापार गेली. तिथं दुसऱ्यांच्या जमिनीवर आपली वस्ती बसवली. वस्तीत प्रार्थनेचं घर. रविवारी झाडून सगळ्यांनी तिथं यायचं आणि तासन् तास प्रवचन ऐकायचं. पोरं जांभया द्यायला लागली. मग मी सांगितलं, की तिथं एक माणूस लांब काठी घेऊन फिरायचा आणि पेंगणाऱ्याला टोचायचा. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "मॅडम, आमच्या सप्त्याच्या कीर्तनात पायजे व्हता असा!" लय हसलो आम्ही.

त्या हसण्याच्या भरात मी पुढचं सांगून गेले. त्या घरात कुणी कुठं बसायचं हे गावची समिती ठरवायची. वय बघून, जमीन बघून, घराणं बघून. मोठी माणसं पुढं. गरीब मागं. काळे गुलाम आणि तिथले मूळचे लोक एकदम शेवटी, नाहीतर वर माळ्यावर कोपऱ्यात. देव एकच बरं का सगळ्यांचा! स्वतः छळ सोसून आलेली माणसं ही, आणि आल्या आल्या दुसऱ्यांना मागं बसवलं.

मग मी म्हणलं, "तुमच्या गावात सप्त्याची पंगत बसती ना? कोण कुठं बसतं, ते काढून आणा."

बहुतेकांनी देऊळ काढलं, मांडव काढला, झेंडा काढला आणि खाली लिहिलं, 'सर्व भाविक एकत्र बसतात.' हुशार पोरं. त्यांना कळतं काय लिहायचं ते.

ऋतुजाला कळलं नाही. ऋतुजा म्हणजे अण्णांच्या सख्ख्या भावाची लेक. वर्गातली सगळ्यात सरळ पोरगी. तिनं पट्टीनं रेषा मारून खराखुरा नकाशा काढला. देवळापुढं मानकरी. त्यांच्या मागं बाकीचा गाव. उजवीकडं बायका. आणि पार खाली, शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक चौकोन. त्यात लिहिलं होतं: 'मांगवाडा. सगळे उठल्यावर. भांडी घरून.'

तिनं ते वर्गात वाचून दाखवलं आणि तिथंच अडकली. म्हणाली, "मॅडम, दरसाल बघायलेय मी. पण मला दिसलंच नव्हतं." आणि डोळे पुसायला लागली.

तिच्या गावचा नकाशा होता तो. पण त्या चौकोनात मी बसलेले आहे.

माझ्या गावातही शाळेची मागची भिंतच होती. मी तिसरीत. काल्याचा दिवस. बाप देवळापुढं हलगी वाजवून, मैदान झाडून, आमच्या भिंतीकडं पातेलं घेऊन बसलेला. माझ्या वर्गातली एक मैत्रीण मोठ्या पंगतीत बसली होती. तिनं हाक मारली, "ये की इथं." मी गेले. बसले. बुंदी वाढली गेली. एक घास खाल्ला. मग वाढप्यानं मला दंडाला धरून उचललं, सगळ्यांच्या देखत, कोंबडीचं पिल्लू उचलावं तसं. पत्रावळ पायानं लांब सारली. कुणीतरी म्हणलं, "पंगत बाटली. उठा."

बाप पळत आला. हलगी गळ्यातच होती. त्यानं जमिनीला कपाळ लावलं. "चुकलं मालक. लेकरू हाय. पुन्यांदा न्हाई होनार."

तोंडातला घास मला गिळावा का थुंकावा ते कळेना. घरापर्यंत तसाच घेऊन गेले.

यातलं काही मी वर्गात सांगितलं नाही. ऋतुजाला एवढंच म्हणलं, "खरं काढलंस." तिच्या पाठीवर हात ठेवला. आत माझं काळीज नुसतं फुलून आलं होतं. वाटलं, चार वर्षं शिकवलं ते कुठंतरी लागलं बघ.

कुणीतरी नकाशाचा फोटो काढला. तो तिच्या, म्हणजे अण्णांच्याच, गावच्या ग्रुपवर गेला. नकाशा अण्णांच्या पुतणीनं काढलेला, पण घरच्या पोरीला कोण बोलणार? वड्याचं तेल वांग्यावर. मला केबिनमध्ये बोलावलं.

तर मी तिथं उभी होते. अण्णा म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजती का गं?" एकदम अगंतुगं. नंतर प्राचार्यांनी दुसरा एक कागद माझ्यापुढं सरकवला. अक्षर ओळखीचं. 'मला हे मॅडमनी काढायला लावले. आमच्या गावात असे काही नाही.' खाली सही. ऋतुजा.

पंगतीवरून बोललेलं मी गिळलं होतं. हे गिळेना.

प्राचार्यांनी माफीनामा टाईपच करून ठेवला होता. सोमवारी राष्ट्रगीत झाल्यावर हॉलमध्ये सगळ्यांपुढं वाचायचा. 'माझ्या चुकीच्या अध्यापनामुळे गावाच्या भावना दुखावल्या.' प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "वाचून टाका मॅडम. जूनच्या ऑर्डरचं माझ्याकडं लागलं."

बाहेर आले आणि मला हसूच आलं. रडता रडता हसू. कारण आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं मी. प्युरिटन लोकांत कुणी चुकलं तर त्यानं भरल्या सभेत उभं राहायचं, आपल्या तोंडानं आपलं पाप सांगायचं. मग आत घ्यायचे. एक बाई होती, घरी माणसं जमवून प्रवचनावर आपलं मत सांगायची. ती बधली नाही. तिला वस्तीबाहेर काढलं. पोरांनी विचारलं होतं, "मॅडम, माफी मागून मोकळी का न्हाई झाली ती?" मी म्हणलं होतं, विचार करा. घ्या आता. करा विचार.

रविवारी सकाळी गावी गेले. बाप ओट्यावर ऊन खात बसला होता. सगळं ऐकून घेतलं त्यानं.

"मग, काय इचार करायलीस? माग की माफी. बोलण्यानं काय अंगाला भोकं पडत न्हाईत."

मी म्हणलं, "आबा, काल्याच्या दिवशी तुमी माफी मागितली. चूक कुणाची होती?"

मला वाटलं, आता तरी म्हणेल. इतकी वर्षं झाली. लेक डॉक्टर झाली. आता तरी त्या लोकांचं नाव घेईल.

बाप हातांकडं बघत म्हणाला, "माझीच. तुला एकलीला सोडलं व्हतं मी."

खोटं बोलत नव्हता माझा बाप. खरंच त्याला तसं वाटत होतं. इतकी वर्षं तो ती चूक स्वतःच्या उरावर घेऊन जगला. मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. त्याला वाटलं, नोकरीच्या धास्तीनं रडतेय. तो मला थोपटत म्हणत राहिला, "मिटंल, मिटंल." आणि माझं तिथंच ठरलं.

सोमवारी हॉल गच्च भरलेला. अण्णा पहिल्या रांगेत. माझ्या हातात माफीनामा. मी माईकसमोर गेले. म्हणलं, "मी शिकवलं ते पुस्तकात आहे. पोरीनं काढलं ते गावात आहे. माझी चूक नाही. मी माफी मागत नाही."

माईक बंद केला कुणीतरी. मी तेच पुन्हा बिनमाईकचं म्हणलं. टाळ्या पडल्या नाहीत. माझ्याबरोबर डबा खाणारे चार मास्तर पंख्याकडं बघत होते. ऋतुजा तिसऱ्या रांगेत होती. तिनं मान वर केली नाही. मी शेवटपर्यंत तिच्याकडं बघत होते. एकदा तरी बघ गं म्हणून.

जूनला कागद आला नाही. आता मी पाथरीत भाड्याच्या खोलीत शिकवण्या घेते. बाप विचारतो, "दोन शब्दांसाठी एवढं केलंस व्हय?" जवळ बसते त्याच्या, एवढंच.

मागच्या आठवड्यात ऋतुजाचा मेसेज आला. 'मॅडम, माझा नाइलाज होता. मला माफ कराल का?'

त्या पोरीवर माया आहे माझी. अजून आहे. फोन छातीशी धरून रडले मी. 'जाऊ दे गं, लेकरू तू' असं लिहिलंसुद्धा. आणि मग पुसलं. लेकरू हाय, चुकलं. आमच्याकडं हे म्हणायला बापाला कपाळ टेकावं लागलं होतं. तिच्याकडं नुसता एक मेसेज.

मी लिहिलं, 'ऋतुजा, माफी नाही. जे खोटं लिहून दिलंस, ते त्याच केबिनमध्ये जाऊन लेखी माघारी घे. मग ये. दार उघडं आहे.'

तिनं वाचलं. उत्तर अजून नाही. कदाचित येणारही नाही, आणि त्याचं मला लय दुखेल. दुखू दे. माझ्या बापानं न केलेल्या चुकीची माफी जन्मभर मागितली. केलेल्या चुकीची माफी मी कुणालाच फुकट देणार नाही.