एका शब्दाचा राग

मेहकरच्या बसस्टँडसमोर नेट कॅफे चालवणारे काका टाइप करताना प्रत्येक शब्द मोठ्यानं बोलत आणि बटणं बडवत. बियाणे कंपनीकडं ऑनलाइन अर्ज करकरून थकल्यावर मी त्यांना माझा बायोडाटा दाखवला. बीटी कपाशीच्या प्लॉटवर मी एका फुलाचे पराग दुसऱ्याला हातानं लावायची. त्या कामाला मी ‘शेतमजुरी’ लिहिलं होतं.

“मजुरी काऊन लिवलं, पोरी?” काका भडकले. “जाहिरातीत ‘परागीकरण’ मांगून राह्यले. कम्प्युटर तोच शब्द ढुंढते. सायबानं केलं तं तंत्रज्ञान, अन् तू केलं तं मजुरी?”

त्यांनी तेवढा एकच शब्द बदलला. मुलाखतीला बोलावणं आलं, नोकरीही लागली. मी पेढे घेऊन गेले, तर काका पुन्हा तडकले.

“काम तेच, पोरगी तीच. मंग इतके दिवस आंधळे होते काय ते?”

पेढा त्यांनी घेतलाच नाही.