राक्षसाच्या पायाखालची गल्ली

त्याचा पाय आधी आमच्या घराच्या माळवदावर पडला. मग शेजारची दोन घरं गेली. मग झाडाखालचा पार. रबराचा हिरवा पाय, तीन नखांचा. आत कोण होतं ते दिसत नव्हतं. भोवतीची पोरं मोबाईल धरून उभी होती. माइकवाला ओरडला, "पळा गाववाले, पळा!"

सगळे हसले.

ती गल्ली मी सात महिने बांधत होते.

पुण्यातलं ते संमेलन जपानी विज्ञानकथांच्या आणि राक्षसपटांच्या चाहत्यांचं. लोकांनी स्वतः केलेल्या छोट्या प्रतिकृती टेबलांवर मांडल्या होत्या. यंत्रमानव, यानं, काचेची शहरं. त्यांत माझी दगडमातीची गल्ली. फोटो काढायचाय म्हणून संयोजकांनी ती उचलून खाली फरशीवर ठेवली. मी हो म्हणाले. मला बरंच वाटलं होतं.

मी धाराशिवला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आदल्या वर्षी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले, तेव्हा शेजारच्या हॉलमध्ये हेच संमेलन भरलं होतं. पाय दुखत होते म्हणून एका अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. पडद्यावर जुना काळापांढरा जपानी सिनेमा. राक्षस अजून आलेला नव्हता. नुसता जमिनीतून आवाज येत होता आणि फडताळातली भांडी थरथरत होती. एक बाई त्या भांड्यांकडं बघत उभी होती.

मी खुर्ची घट्ट धरली.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे आमच्या गावात असाच आवाज आला म्हणतात. म्हणतात, कारण मी नव्हते. सहा वर्षांची मी भूमला मामाकडं राहायला गेले होते. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्हा दोघींच्या अंथरुणावर त्या दिवशी ती एकटी होती.

त्या जपानी लोकांनी जमिनीखालच्या भीतीला अंग दिलं होतं, पाय दिले होते. आमच्याकडं तिचं कुणी नावसुद्धा घेत नाही. 'ते झालं तवा' एवढंच म्हणतात.

आई गावीच असते, माकणीजवळ. सरकारनं बांधून दिलेलं घर आहे, पण ती अजून पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपते. जुन्या घराबद्दल इतक्या वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. त्या सिनेमानंतर मी आमच्या गल्लीची प्रतिकृती करायला घेतली आणि पुठ्ठ्याच्या भिंती कापून तिच्यापुढं ठेवल्या. तिनं एकीवर बोट ठेवलं.

"एवढी बारीक न्हवती. दीड हात जाड व्हती. जाडीनंच मारलं."

मग बोलतच राहिली. रांजण कुठं, उखळ कुठं, अक्का कुठल्या कोपऱ्यात निजायची. मी पुठ्ठा टाकून दिला आणि जुन्या गावठाणातून माती आणली. आमच्या घराच्या ढिगाऱ्याची.

त्या मातीवर आता तो राक्षस उभा होता.

"काकू, एक रीटेक हं," माइकवाला म्हणाला. "तुम्ही पदर डोक्यावर घ्या ना. गावातली बाई म्हणून ओरडत पळा. एकदम रिअल वाटेल. आणि खरं सांगू? तुमचं गाव तुटताना जास्त भारी दिसतंय."

माझा हात पदराकडं गेला. हे लिहायला लाज वाटते. पण गेला. त्या आवाजात कुणी काही सांगितलं की मी आजवर ऐकत आले. पदर डोक्यावर आलासुद्धा.

तेवढ्यात करकर ऐकू आली. राक्षस पाय बदलत होता. कोपरा. अक्काचा.

"पाय काढ."

"काय?"

"पाय काढ. तिथं माझी बहीण झोपलीय."

राक्षसानं पाय काढला. डोकंही काढलं. आत घामानं भिजलेला एक चेहरा. माइकवाला मात्र चिडला.

"अहो, मग तसं लिहायचं ना बोर्डावर! आम्हाला कसं कळणार? आम्हाला वाटलं, तुडवायलाच आणलंय."

मी डोक्यावरचा पदर ओढून काढला, खाली बसले आणि त्यातच माती भरायला लागले. पळाले नाही. ओरडले नाही. कॅमेरे चालू होते. चालू देत. शेवटचं ढेकूळ उचलेपर्यंत मी उठले नाही.

गावी गेले तेव्हा आईनं विचारलं, "दावलंस का आपलं घर?"

"दावलं. पुन्हा पडलं."

आई म्हणाली, "माती माघारी आणलीस का?"

"आणली."

"मग बांध."

लिहायला हवं होतं, हे त्या माइकवाल्याचं खरं. आता लिहितेय. दारादारावर, त्या पहाटे त्या घरात गेलेल्यांची नावं. आई सांगते, मी लिहिते. काही लेकरांची बारशी व्हायची होती. तिथं 'सुमनचं बाळ', 'गंगूचं बाळ' असं लिहिलंय. अक्काच्या नावापाशी आई थांबली, म्हणून ते मीच लिहिलं.

पुढच्या वर्षी गल्ली त्याच हॉलमध्ये मांडणार आहे. फरशीवर. राक्षसानं यावं, माझी ना नाही. पण माइक माझ्या हातात असेल. पहिल्या दारापासून एकेक नाव मी वाचणार आणि शेवटचं वाचून होईपर्यंत कुणाला पाय उचलू देणार नाही.