वाघाच्या पंजाचे डबे

सगळ्या चांदा जिल्ह्यात माझ्या मोठ्या मावशीच्या यजमानांइतका सावध माणूस झाला नाही, आणि त्यांच्या सावधपणाने घरात जेवढा गोंधळ घातला तेवढा दहा बेसावध माणसांनाही जमला नसता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. एकोणीसशे पन्नास उलटल्यानंतरची दोन वर्षं मी शाळेसाठी आरमोरीला त्यांच्या घरी राहिलो. त्या दोन वर्षांत मावशीने आधी तोंड लावल्याशिवाय मी तांब्यातलं पाणीसुद्धा प्यायलो नाही. मावसाजी स्वभावाने इतके प्रेमळ होते की विंचवालासुद्धा ते कागदावर घेऊन बांधावर सोडून येत. पण त्यांच्या डोक्यात एक भीती कायमची बिऱ्हाड करून होती. घरातलं लेकरू एक दिवस नको तो डबा उघडेल आणि नको ती वस्तू तोंडात घालेल, ही ती भीती.

या भीतीचं मूळ त्यांच्या साबणात होतं. वर्धेकडच्या कुठल्याशा शिबिरात ते घरच्या घरी साबण करायला शिकून आले होते. मोहाच्या बियांचं तेल आमच्याकडे घरोघरी निघतं. त्यात कॉस्टिक सोडा कालवून ते मागच्या अंगणात तपकिरी रंगाच्या वड्या पाडत. त्या साबणाने कपडे निघत छान, पण शर्टाला असा वास येई की वर्गात माझ्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. तर हा सोडा घरात आला आणि मावसाजींची झोप उडाली. शिबिरातल्या मास्तरांनी त्यांना बजावलं होतं, की सोडा अंगाला लागला तर पाणी, पाणी आणि पाणीच, दुसरं काही करायचं नाही. सोड्याचे खडे दिसायला पांढरे, थेट खडीसाखरेसारखे. सोड्याच्या जोडीला मोरीसाठी फिनेलची बाटली आणि कंदिलासाठी मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा, डबा होताच. आणि घरात होती चिंगी.

चिंगी म्हणजे मावसाजींची साडेतीन वर्षांची नात. तिचा बाप जंगल खात्यात नाकेदार, मोहर्लीकडच्या जंगलात नेमणुकीला. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. म्हणून चिंगी आजा-आजीजवळ राहत होती आणि मावसाजींच्या धोतराचा सोगा धरून दिवसभर त्यांच्या मागे फिरत होती. ती मागे आहे की नाही हे पाहायला ते इतक्यांदा वळत, की अंगणातून विहिरीपर्यंत जायला त्यांना पाव तास लागे.

त्यांचा पहिला उपाय होता जागा बदलण्याचा. "चोराले एक वेळ चुकवता येईन बापू, लेकराले नाई येत," असं मला सांगून ते सोडा, फिनेल आणि तेल रोज नव्या जागी लपवू लागले. चिंगीला काही सापडलं नाही हे खरं. पण आम्हालाही काही सापडेना. फिनेलची बाटली एकदा धान साठवायच्या ढोलीत गेली आणि महिनाभर आमच्या भाताला दवाखान्याचा वास आला. कंदील लावायची वेळ झाली की मावशी, मी आणि चिंगी असे तिघे घरभर तेल शोधत फिरत असू, आणि मावसाजी ओसरीच्या मधोमध उभे राहून कपाळ चोळत. एकदा माळ्यावर अर्धे चढून ते तिथेच थांबले आणि खाली पाहून मला म्हणाले, "बापू, मी काय पाहून राह्यलो रे इथी?" मी म्हटलं, सोड्याचा डबा. "हौ. पण मी लपवाले चढलो का काढाले?" हे मलाही ठाऊक नव्हतं. ते तसेच शिडीवर उभे राहिले आणि मावशीने खालून त्यांना चहा दिला.

मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. सगळ्या डब्यांवर काळ्या रंगात ठसठशीत 'विष' असं लिहून टाकलं. मावशी कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. "मले वाचता येत नाई, चिंगीले वाचता येत नाई," ती म्हणाली, "मंग तुमी हे कोणासाठी लिवलं? शेजाऱ्यासाठी?"  त्या दिवशी जेवताना मावसाजींचं लक्ष नव्हतं, ताटातली भाजी त्यांनी पाण्याच्या वाटीत कालवली.

तिसरी युक्ती मात्र त्यांच्या हुशारीची कमाल होती, असं मलाही तेव्हा वाटलं. चिंगीचा बाप दोन दिवस घरी आला होता. त्याने बोलता बोलता काठीने मातीत वाघाच्या पावलाचा ठसा काढून दाखवला, आणि चिंगी तो ठसा बघून जी आज्याच्या मांडीत शिरली ती बाप निघून जाईपर्यंत खाली उतरली नाही. मावसाजींचे डोळे चमकले. आमच्या भागातल्या लेकराला अक्षर कळो न कळो, वाघाचा पंजा कळतो. त्यांनी सागाच्या तुकड्यावर पंजा कोरला, गेरू कालवला आणि सोड्यावर, फिनेलवर, तेलावर ठसे उमटवले. मग चिंगीला कडेवर घेऊन एकेका डब्यापुढे उभं केलं.

"हे काय हाये?"

"वाघ."

"वाघाले हात लावते का?"

"नाई लावत!" चिंगी गळ्याला मिठी मारून ओरडायची.

तिने खरोखरच हात लावला नाही. महिनाभर आमचं घर सुरळीत चाललं, वस्तू जिथल्या तिथे सापडू लागल्या. मावसाजी इथे थांबले असते तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण त्यांना त्या ठशाचा नाद लागला. मावशीच्या लोणच्याच्या बरणीवर वाघ आला, माझ्या शाईच्या दौतीवर आला. आणि शेवटी तो त्यांच्या स्वतःच्या खडीसाखरेच्या डब्यावर आला, कारण गल्लीतली पोरं तो डबा फस्त करत. खडीसाखर हा त्यांचा एकच शौक. दुपारी ते डबा उघडत, चिंगीला जवळ घेत आणि "पयले वाघाचा घास" म्हणत एक खडा स्वतःच्या तोंडात टाकत. दुसरा चिंगीला. तिसरा, मी आसपास घोटाळत असेन तर, मला.

मी एकदा विचारलंही होतं, "मावसाजी, कोणता वाघ खरा आणि कोणता खोटा, हे तिला कसं कळणार?" ते खडा चघळायचे थांबले. भिंतीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तू बरोबर बोलला," ते म्हणाले. "पाहू उद्या." उद्या ते विसरले. मी विसरलो नव्हतो, पण ठसा पुसला तर डबा गल्लीत जाईल आणि माझा तिसरा खडा बुडेल, एवढा हिशेब मला कळत होता. म्हणून मी गप्प बसलो. याची लाज मला आजही वाटते.

दिवाळीनंतर साबणाचा दिवस आला. दुपारची वेळ, मावशी विहिरीवर, अंगणात चुलीवर तेल तापत होतं. मावसाजींनी सोड्याचा डबा फळीवरून खाली काढून पाटावर ठेवला आणि ते चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावर होता. मी दारात बसून हसत होतो, सांगत नव्हतो. तेवढ्यात चिंगी झग्याच्या ओच्यात काहीतरी धरून आली, त्यांच्या मांडीवर चढली आणि एक पांढरा खडा चिमटीत धरून म्हणाली, "आबाजी, पयले वाघाचा घास."

मावसाजींनी आ केला. वाघाचा घास म्हटलं की तोंड उघडायचं, ही रोजचीच सवय होती.

पुढच्या क्षणी त्यांनी असा आवाज काढला की चुलीजवळचं मांजर भिंतीवर चढलं. खडा थुंकला, चिंगीचा ओचा झटकला, सगळे खडे अंगणात सांडले. मला वाटलं त्यांना गांधीलमाशी चावली. ते बोलू शकत नव्हते. चिंगीला काखेत मारून ते विहिरीकडे धावले आणि तिचे हात टाक्यात बुडवून चोळू लागले. मावशी उतारा म्हणून चिंचेचं पाणी आणायला निघाली, तिला त्यांनी पदर ओढून थांबवलं आणि बोटाने पाणी, पाणी, पाणी असं दाखवत राहिले. त्यांच्या ओठांतून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशीने चिंगीचं तोंड उघडून, बोट फिरवून, "काही नाई, आत काही नाई गेलं जी!" असं तीनदा सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी पहिली ओंजळ स्वतःच्या तोंडात घेतली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि वाचलात म्हणाले. चिंगीची बोटं दोन दिवस लाल होती, मग तीही निवळली. मावसाजी पंधरा दिवस थंड पेजेवर राहिले. त्यांना बोलता येऊ लागल्यावर मी भीतभीत जवळ गेलो, तर जड जिभेने ते मलाच समजावू लागले. "लेकराचं काही चुकलं नाई बापू. वाघाले हात लावू नोको, हे मीनंच शिकवलं. वाघाच्या डब्यात गोड हाये, हेबी मीनंच शिकवलं. ते बिचारं कोणतं आयकन?" मग त्यांनी सगळे ठसे ओल्या फडक्याने पुसले. सुताराकडून सागाची पेटी करून घेतली, सोडा, फिनेल आणि तेल तिच्यात ठेवलं, ती माझ्याही हाताला येणार नाही इतक्या उंचीवर ठोकली आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधली. ती पेटी पुन्हा कधी हलली नाही. खडीसाखरेचा डबा खालच्या फळीवर आला, गल्लीसकट सगळ्यांसाठी.

त्यांच्या जिभेच्या शेंड्याची चव मात्र परत आली नाही. आरमोरी सोडताना मी शेवटचा त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी डबा उघडला, एक खडा तोंडात घालून बराच वेळ घोळवला, आणि मग दुसरा चिंगीच्या हातावर ठेवला.

"मावसाजी, गोड लागते का आता?" मी विचारलं.

"नाई बा, काहीच नाई लागत," ते म्हणाले. "पण पोळते का नाई, तेवढं कळते. तेवढ्यासाठीच खातो."

त्या दिवशी त्यांनी तिसरा खडा मला दिला. मी तो खाऊ शकलो नाही. खिशात ठेवला, आणि चांद्याला पोचेपर्यंत पुन्हापुन्हा चाचपून पाहत राहिलो.