सरणं म्हणताना

पांढुर्ण्यात डॉक्टर वैशालींच्या दवाखान्यामागच्या खोलीत मोरेश्वर दात घडवतो. नागपूरच्या एका लॅबमध्ये अठरा वर्षं काढून तो गावी परतला, तेव्हा माप त्याच्या बोटांत भिनलेलं होतं. समोरच्या दाताची रुंदी उंचीच्या ऐंशी टक्के. शेजारचा दात समोरून पाहता त्याच्या बासष्ट टक्के रुंद दिसायला हवा. एवढं जमलं की हसू खुललंच, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

मागच्या वर्षी मोहगावच्या शकुंतलाताई आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. स्कूटीवरून पडून वरचे समोरचे चार दात तुटलेले. पक्क्यांच्या आधी वापरून बघायला मोरेश्वरने कच्चे दात बनवले. डॉक्टरांनी फोटोवर मापं ताडून पाहिली. केसाचाही फरक नव्हता.

पंधरा दिवसांनी ताई तोंडाला पदर लावून आल्या.

"काहून ताई, दुखून राहिले का?"

"दुखत नाही भाऊ. दिसाले तं लय सुंदर हायेत. पण विहारात वंदना मीच सांगतो ना. 'सरणं' म्हणलं का शिट्टी वाजते. पोरी हसल्या. दोन रविवार झाले, मी गेलोच नाही."

मोरेश्वरला आधी रागच आला. माप बरोबर होतं, मग चूक कुठे? मग त्याच्या ध्यानात आलं, आजवर त्याच्यापुढे प्लास्टरचे जबडेच आले होते. ते कधी बोलले नव्हते.

"ताई, इथं म्हणा वंदना."

"इथंच?"

ताईंनी हात जोडले, डोळे मिटले. तो ओठांकडे बघत राहिला. दात काढायचा, आतून पातळ करायचा, कडेला घासायचा, पुन्हा बसवायचा. आठव्या खेपेला 'स' स्वच्छ आला. दात मात्र मिलिमीटरभर आखूड झाले होते.

"हे चौकोनी दिसून राहिले, मोरेश्वर," डॉक्टर म्हणाल्या.

"दिसू द्या मॅडम. एकदा ऐका तं."

डॉक्टरांनी ऐकलं. ताईंनी आरसा मागून घेतला, बराच वेळ पाहिलं.

"पहिलेचे जास्त सुंदर होते," त्या म्हणाल्या. "पण हेच पक्के करा."

पुढच्या रविवारपासून त्या विहारात जाऊ लागल्या.

आता कच्चे दात बसले की मोरेश्वर माणसाला गप्पांना बसवतो. संत्र्याचा बहार, लेकीचं सासर, काहीही विचारतो. सौंसरच्या एका मास्तरांना त्याने तासभर बोलतं ठेवलं. ते वैतागून म्हणाले, "दात पाहून राहिला का मुलाखत घेऊन राहिला?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि पुढचा प्रश्न विचारला.