इनामदार सरांच्या लॅबमधलं पापलेट

आमच्या कोर्सचे किस्से जमवायला काही कष्ट लागत नाहीत. मराठीच्या प्राध्यापिका, इतिहासाचा पोरगा, प्राणिशास्त्राची पोरगी आणि कंप्युटरचे विभागप्रमुख यांना एका एसी लॅबमध्ये बसवा, बाकीचं आपोआप होतं. घरी जाऊन नवऱ्याला एक सांगेपर्यंत दुसरा घडायच्या तयारीत असतो. हल्ली तर मी पर्स ठेवायच्या आतच तो विचारतो, "आज कोण?"

आमचं विद्यापीठ सरकारी. कॅम्पस बेलापूरच्या खाडीजवळ. कोर्सचं नाव 'सर्व शाखांसाठी संगणन'. म्हणजे कुठल्याही शाखेच्या मुलानं आपल्या विषयातला एखादा प्रश्न घेऊन यायचं आणि तो कंप्युटरवर सोडवायचा. ऐकायला झकास! पण कोर्स एका वर्षाच्या ट्रायलवर होता, आणि तो शिकवायला घेतलेली मी कंत्राटी. कोर्स टिकला तर मी टिकणार, नाहीतर परत महापेच्या त्या कंपनीत, जिथे मला नावानं कमी आणि 'रिसोर्स' म्हणून जास्त हाक मारायचे. मला इथंच राहायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सोमवारची सकाळ आवडायला लागली होती हो!

आणि शेवटचा शब्द होता विभागप्रमुख इनामदार सरांचा. उंच, किडकिडीत माणूस. बारा महिने फिकट गुलाबी शर्ट. हसताना कुणी पाहिलेलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "नीलम मॅडम, कंप्युटिंग म्हणजे कंप्युटिंग. त्यात कविता, किल्ले आणि मासे कशाला?"

मी म्हटलं, "सर, वर्षभर बघा तर खरं."

"बघणारच आहे," ते म्हणाले. बोंबला!

* * *

आमच्याकडे एक पद्धत होती. प्रत्येक प्रोग्राम दोघांनी तपासायचा. तो चालतो का, हे मी बघायचं. तो दुसऱ्याला वाचून समजतो का, हे दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी. ते काम आलं मराठीच्या साठे मॅडमकडे.

साठे मॅडम स्क्रीनवर काही वाचत नाहीत. त्यांना सगळे प्रोग्राम कागदावर छापून हवेत, आणि हातात लाल पेन. पहिला गठ्ठा तपासून आला तेव्हा मी लॅबमध्येच खुर्चीत बसले. एका पोरानं x नावाचं व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायचा डबा, घेतलं होतं. त्याला लाल गोल, आणि बाजूला शेरा : "हा कोण? आधी ओळख करून द्यावी."

दुसऱ्याचा लूप गोल गोल फिरत राहायचा, कधी थांबतच नव्हता. त्यावर शेरा : "तेच तेच. वाचक कंटाळतो."

तिसऱ्याचा प्रोग्राम तर शेवटच्या ओळीला चक्क बंद पडत होता. मी त्याला शून्य दिलं होतं. साठे मॅडमनी लिहिलं होतं, "शेवट धक्कादायक. आवडला." आणि दहापैकी आठ!

मी भांडायला गेले. म्हटलं, "मॅडम, तो क्रॅश होतोय!"

"मग? सगळं गोडच व्हायला पाहिजे का?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. शेवटी चार मार्कांवर तोडपाणी झालं.

पण एक सांगते. महिन्याभरात पोरांनी x, y, z सोडून दिलं. व्हेरिएबलला 'भरतीची_वेळ', 'राजाचं_वय' अशी नावं यायला लागली, आणि इनामदार सरांच्या एमएस्सीच्या पोरांपेक्षा आमच्या पोरांचे प्रोग्राम वाचायला सोपे झाले. हे मी सरांना सांगितलं नाही. मला माझी नोकरी प्यारी होती.

* * *

सरांनी एकदा स्वतः एक लेक्चर घेतलं. विषय फ्लोचार्ट. प्रश्न सोपा : घराबाहेर पडताना छत्री घ्यायची की नाही?

चौकटीत प्रश्न, 'पाऊस आहे का?' एक बाण 'हो', एक बाण 'नाही'. झालं!

तत्त्वज्ञानाच्या ऋतुजानं हात वर केला. "सर, तिसरा बाण राहिला."

"तिसरा कुठला?"

"पाऊस आहे, पण कुणाच्या दृष्टीनं?"

सर फळ्याकडे वळले. तिसरा बाण काढायला घेतला, अर्ध्यात पुसला. मग वळले आणि ओरडले, "छत्रीच्या!"

ऋतुजानं वहीत तिसरा बाण काढला आणि त्यावर 'छत्रीच्या' असं लिहिलं. तिचं समाधान झालं. सर मात्र उरलेला तास खुर्चीत बसून होते.

* * *

आता चपलांचं.

सरांच्या लॅबचा नियम आहे, पादत्राणं बाहेर काढायची. देवळात एकवेळ बूट घालून जाल, पण लॅबमध्ये नाही. मला सॉर्टिंग शिकवायचं होतं, म्हणजे विस्कटलेल्या गोष्टी क्रमानं लावणं. मी म्हटलं, आयता माल दारात पडलाय! पोरांना सांगितलं, व्हरांड्यातल्या सगळ्या चपला लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. आधी नियम ठरवा, मग हात लावा.

नियम ठरवला इतिहासाच्या विक्रांतनं. विक्रांत साताऱ्याकडचा, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. पोरगा कामाला वाघ. त्यानं सगळ्यांना कामाला लावून अख्खा व्हरांडा क्रमानं सजवला. सुरेख रांग! फक्त नियमात 'जोडी' हा शब्दच नव्हता. कंप्युटरला सांगितलं नाही ते कंप्युटर करत नाही, हे मीच शिकवलेलं. त्यामुळे प्रत्येक चप्पल आपल्या मापाच्या शेजारी, पण आपल्या जोडीदारापासून लांब कुठंतरी.

तेवढ्यात सर लॅबमधून फोनवर बोलत बाहेर आले. त्यांची कुलगुरूंकडे मीटिंग होती. खाली न बघता त्यांनी शेजारशेजारच्या दोन चपलांत पाय घातले आणि निघाले. एका पायात त्यांची काळी सँडल. दुसऱ्या पायात विक्रांतची कोल्हापुरी, ती सुद्धा करकर वाजणारी!

विक्रांत माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, हाक मारू का?"

"तू मार."

"न्हाई, तुमी मारा."

कुणीच मारली नाही. मीटिंगला साठे मॅडमही होत्या. त्यांनी नंतर सांगितलं, सर बोलायला उभे राहिले की एका बाजूनं करकर व्हायची, आणि कुलगुरू दर वेळी पंख्याकडे बघायचे.

संध्याकाळी कोल्हापुरी पॉलिश होऊन परत आली. ते पॉलिश मला जास्त घाबरवून गेलं.

* * *

विक्रांतचंच अजून एक. हा पोरगा प्रोग्राममधली चुकलेली ओळ कधी पुसत नसे. कंप्युटर ती सोडून देईल अशी खूण करून तिला नुसती बाजूला ठेवायचा, आणि वर लिहायचा : "हे आमचं सुरुवातीचं मत होतं. पुढे ते बदललं." त्याच्याखाली दुसरी चुकलेली ओळ. त्यावर : "या मताबद्दल मतभेद आहेत."

मी म्हटलं, "अरे बाबा, पूस की ते!"

त्यानं छातीवर हात ठेवला. "मॅडम, पुरावा नष्ट करायचा? आमच्या डिपार्टमेंटात तोंड दाखवायचं कसं मी?"

त्याचा प्रोग्राम उघडला की आधी लांबलचक इतिहास वाचायचा, मग तळाला चार ओळी सापडायच्या. त्या मात्र बिनचूक चालायच्या.

* * *

बघता बघता वर्ष संपत आलं. बाहेरची समिती येणार, मुलांचे प्रोजेक्ट बघणार, आणि कोर्सचं काय करायचं ते ठरणार. माझी झोप उडाली. सगळ्यात भारी प्रोजेक्ट होता रोशनीचा, म्हणून तोच पहिला ठेवला.

रोशनी प्राणिशास्त्राची, खाडीकाठच्या दिवाळे गावची. आई मासे विकते. कॅमेऱ्यासमोर मासा धरला की प्रोग्राम त्याचं नाव सांगणार, असा तिचा बेत. त्यासाठी कंप्युटरला आधी ढीगभर फोटो दाखवावे लागतात, तेव्हा कुठे तो ओळखायला शिकतो. रोशनीनं महिनाभर रोज आईच्या पाटीजवळ उभं राहून फोटो काढले. प्रत्येक फोटोला नाव आणि पुढे 'ताजा' की 'शिळा' हेही लिहायचं होतं. तिनं 'शिळा' म्हणून दोन-चार फोटो वेगळे काढले, तर आई कडाडली, "माजे पाटीन शिलं मावरं कवाच नसतं! शिला लिवशील तर घरान जेवाला येव नको!"

म्हणून आमच्या प्रोग्रामला जगातला प्रत्येक मासा ताजाच दिसायचा.

समितीच्या अध्यक्षबाई ठसठशीत होत्या. घरात नुकतंच लग्न झालेलं, दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. पाटी घेऊन आलेल्या रोशनीच्या आईनं टेबलावर आपलं नेहमीचं निळं प्लास्टिक अंथरलं, कारण सरांच्या लॅबच्या टेबलाला वास लागता कामा नये. वर कॅमेरा, समोर मोठा स्क्रीन. आईनं पाटीतून बोंबील काढून प्लास्टिकवर ठेवले.

स्क्रीनवर आलं : 'बोंबील. ताजा.'

टाळ्या! मग बोंबील परत पाटीत टाकून तिनं हातात धरून पापलेट दाखवलं. 'पापलेट. ताजं.' परत टाळ्या! मी सरांकडे बघितलं. चेहरा ढिम्म.

"कॅमेऱ्याची वायर सैल आहे," सर म्हणाले. उठले, आणि वायर खोचायला टेबलावर आडवे वाकले. निळ्या प्लास्टिकवर तो फिकट गुलाबी शर्ट पसरला.

स्क्रीनवर आलं : 'बोंबील. ताजा.'

सरांनी वाकल्या वाकल्या मान वर करून ते वाचलं. गेला कोर्स, गेली नोकरी!

रोशनीची आई सावरायला पुढे झाली. "सर, वायट वाटून घेव नका. ताजा बोललाय."

अध्यक्षबाईंना हसू आवरेना. "अहो, हे काय दाखवतंय!" म्हणत त्यांनी स्क्रीनकडे हात केला, तो बरोब्बर कॅमेऱ्यासमोरून. हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

'पापलेट. ताजं.'

आता मात्र समितीतले सगळेच हसायला लागले. एकानं मुद्दाम खरं पापलेट उचलून निळ्या प्लास्टिकवर ठेवलं. 'बोंबील. ताजा.' रोशनीचे डोळे भरले. वर्षभराची मेहनत होती हो पोरीची.

मागून विक्रांत उठला. "मॅडम, ह्ये तर आमच्या पयल्या सेमिस्टरला हाय. बखर वाचायच्या आधी ती कुणी लिहिली, कुणाच्या दारात बसून लिहिली, त्ये बघायचं." मग रोशनीला विचारलं, "सगळे फोटो आईच्याच पाटीवरचे का?"

"हो."

"आई पापलेट कसं दाखवते गिऱ्हाइकाला?"

रोशनीनं आईच्या पाटीकडे बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. "हातात धरून! महाग असतं ना, ती ते खाली ठेवतच नाही. आणि बोंबील नेहमी प्लास्टिकवर ढीग घालून." तिनं आईच्या हाताकडे बघितलं. मनगटभर हिरव्या बांगड्या. "म्हणजे तो मासा बघतच नाहीये. बांगड्या बघतोय आणि प्लास्टिक बघतोय!"

"आणि ताजा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ते आईनं सांगितलं म्हणून."

"बरोबरच सांगितलं मी!" आई म्हणाली.

साठे मॅडम पहिल्या रांगेत लाल पेन घेऊन बसल्या होत्या. त्या पुटपुटल्या, "शेवट धक्कादायक. आवडला."

अध्यक्षबाईंनी डोळे पुसले आणि जरा गंभीर झाल्या. म्हणाल्या, "चूक कुठे झाली ते मुलांनी स्वतः शोधलं, आणि ते सुद्धा इतिहासाच्या मुलानं. आम्ही खूश आहोत. पण कोर्स चालवणार तुमचा विभाग, तेव्हा पुढचं इनामदार सरांनी ठरवावं." सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सरांच्या शर्टावर समोर ओला डाग पडला होता. ते म्हणाले, "विचार करतो," आणि बाहेर निघून गेले.

पोरं आवराआवर करून गेली. रोशनीच्या आईनं जाता जाता मला दोन पापलेटं कागदात बांधून दिली, म्हणाली, "रडू नको गो, खा." मी खरंच रडायला आले होते. बेलापूर स्टेशनपर्यंत चालत गेले, आणि तिथं लक्षात आलं, पापलेटं सरांच्या लॅबमध्येच राहिली! बंद एसी लॅबला उद्या सकाळी कसा वास येईल या विचारानं मी रिक्षा करून परत फिरले.

लॅबचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेर व्हरांड्यात एकच जोडी, काळी सँडल. मी चपला काढून हळूच आत डोकावले.

इनामदार सर कॅमेऱ्यासमोर एकटे उभे होते. त्यांनी नेटवर्कची हिरवी केबल काढून मनगटाभोवती नीट वेढे घालून गुंडाळली होती, अगदी कोपरापर्यंत. हात वर धरून ते स्क्रीनकडे बघत होते.

'पापलेट. ताजं.'

सरांनी हात खाली घेतला. मग परत वर केला.

'पापलेट. ताजं.'

मी पाऊल मागे घेतलं, पण दार करकरलं. सर वळले नाहीत. हातही खाली आणला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी फोटो जास्त घ्यायला सांगा."