खांदेसुजीच्या लेपाची फाइल

लाज नंतर वाटली. आधी भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

तेव्हा मी पेटंटविरोधी पत्रकं वाटत हिंडायचो. ‘हळद आमची, मालकी परक्यांची?’ असली ठळक अक्षरं. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)जवळच्या एका गावात एक म्हातारे बाबा होते. जू घासून बैलाचा खांदा सुजला, की ते लेप द्यायचे. पाला कुणाला दाखवत नसत, वाटूनच देत. नाव फोडलं की गुण जातो, हा त्यांच्या घरचा नेम. मी हात धुऊन मागे लागलो. ‘‘बाबा, गावाच्या वहीत लिहून ठेवू. मग कोणी कंपनी ‘हे आमचं’ म्हणणार नाही.’’

‘‘वही गावातच राहीन न?’’

‘‘गावातच.’’

त्यांनी सांगितलं. पाला, साल, प्रमाण, सगळं.

पुढे आमच्या सभेला आलेल्या एका परदेशी संशोधक बाईंनी नमुना म्हणून वही मागितली. मी शहाणा! वर्ध्याच्या सायबर कॅफेत बसून टाइप केली आणि पाठवली. अख्खी. वही गावातच होती, नाही का?

आठवड्याने उत्तर आलं: माहिती आमच्या संग्रहात चढवली आहे, आमच्यासोबत काम करणाऱ्या औषध कंपनीला लेपाबद्दल आणखी विचारायचं आहे. ‘पुसून टाका’ म्हणून चार वेळा लिहिलं. उत्तर नाही. वकिलाकडे धावलो. तो हसला. ‘‘कम्प्युटर त्यायचा, देश त्यायचा, कायदा त्यायचा. अन् पाठवलं कोनं? तूच न? मंग चोर कुठी शोधून राह्यला?’’

गावी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, ‘‘मंग आता मी लेप देऊ का नाई? त्यायचे पोलीस तं नाई येनार?’’

‘‘नाही येणार,’’ मी म्हणालो. खात्री मला नव्हती. आजही नाही.

तेवढ्यात दारात एक शेतकरी बैल घेऊन आला. बाबा बाजेवरून उठले नाहीत. ‘‘सरकारी दवाखान्यात ने बापू. नाव फुटलं, गुण गेला.’’

‘‘परवा तं शेजाऱ्याच्या बैलाले देल्ला! आजच काऊन गेला जी?’’

‘‘याले इचार.’’

तो माझ्याकडे वळला. वही मीच बाहेर पाठवली, हे मी त्याला सांगितलं. मधे थांबलो नाही; थांबलो असतो तर पळून गेलो असतो.