मेन राज्यातील गृहप्रवेश

माझ्या कन्येच्या अमेरिकेतील नव्या घरात पहिले पाऊल तिचे पडले नाही, आणि त्याला कारण माझी विद्वत्ता.

वसुधाने तिकडच्या मेन नावाच्या समुद्रकाठच्या राज्यात घर घेतले. पौरोहित्य मी इकडून, पेडण्याजवळच्या कोरगावातूनच, फोनवर करावे, असा तिचा आग्रह. मुहूर्त बारा मिनिटांचा: तिकडे सकाळचे आठ, आमच्याकडे सायंकाळचे साडेपाच. तेवढ्यात उंबरठा ओलांडून शेगडीवर दूध उतू जायला हवे. पुढचा मुहूर्त थेट दोन महिन्यांनी!

अडचण होती संकल्पाची. आपण कोठे बसलो आहोत, हे संकल्पात देवाला सांगावे लागते. इथे ‘परशुरामक्षेत्रे’ म्हटले की भागते. मेनचे काय? (पत्ता अपुरा असला तर पत्रसुद्धा परत येते; इथे तर आशीर्वाद यायचा होता.)

म्हणून मी तीन आठवडे त्या राज्याचा अभ्यास केला. ते पूर्वी शेजारच्या राज्याच्या अमलाखाली होते, हे वाचून आपुलकी वाटली; परसत्ता म्हणजे काय, हे फिरंग्यांचे राज्य भोगलेल्या पेडण्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कागदाचे कारखाने एकामागून एक बंद पडले, हे कळताच आमच्याकडच्या पाळी गावातील निवांत पडलेल्या लोहखाणी आठवल्या. हे सारे मी संस्कृतात गुंफले. शेवंडे, म्हणजे कोळंबीचे ते थोरले भाऊबंद, पकडणे हा तिथला मोठा व्यवसाय. त्यांना, सोवळे सांभाळून, ‘बहुपाद जलचर’ म्हटले.

ठरल्या वेळी वसुधा आणि जावई कलश घेऊन बंद दारासमोर, बर्फात उभे राहिले. संकल्प पुरा झाल्यावरच आत शिरायचे होते. तो सुरू करत मी डोळे मिटले. मिटताच धुक्यातला समुद्र दिसू लागला, दीपगृहे दिसली, वर्षातील काही महिने सूर्याचा पहिला किरण ज्यावर उतरतो तो डोंगर दिसला. तो किरण अंगावर घेत मी सावकाश अरण्यात शिरलो.

“बाबा, आटपा. पाय बधिर झाले,” असे कोणीतरी फार दुरून म्हणाले. मला वाटले, देवदाराच्या शेंड्यांतून वारा वाहतो आहे.

मग सौभाग्यवतीने लेकीच्या काळजीने माझ्या दंडाला धरून हलवले. “अहो, चेडू भायर थंडीत कुडकुडता. आदी तेका भितर घेवा, मगे तुमची झाडां मोजा.”

डोळे उघडले तो मुहूर्त सरला होता.

मधल्या काळात घडले ते असे. शेजारच्या वृद्ध बाईंना वाटले, बिचाऱ्यांची किल्ली हरवली. त्यांच्याकडे जुन्या मालकांनी ठेवलेली एक किल्ली होती. त्या मागच्या दाराने आत गेल्या, गारठलेल्यांसाठी सोबत आणलेले दूध तापत ठेवले आणि पुढचे दार उघडायला आल्या. दूध उतू गेले. मुहूर्त संपायला तेव्हा एक मिनिट होते. बाई शेगडी पुसत क्षमा मागत होत्या आणि वसुधा त्यांच्या पाया पडत होती.

मी खजील होऊन पोथी मिटू लागलो. तेवढ्यात बाईंनी वसुधाला विचारले, हे गृहस्थ काय म्हणत होते? तुमच्या राज्याचे वर्णन, ती म्हणाली. ऐकताच बाई खुर्ची ओढून फोनसमोर बसल्या आणि पुढे म्हणा, अशी खूण केली. मी इतिहास संपवला, कारखाने संपवले, जलचरही संपवले. एक अक्षर कळत नसताना त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या.

आमच्या घरी सर्वांना सगळे कळते. म्हणून कोणी बसत नाही.